बडोद्यातील तीन दिवस आणि अलीपूरची कोठडी

मनात दोन कर्तव्यांचा झगडा सुरू झाला की माणसाला प्रथम वाटते ते हे की, कोणीतरी आपल्याला एकदाचे निश्चित काय ते सांगून टाकावे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचीही नेमकी हीच मागणी होती. श्रेयस्कर काय ते ठरवून सांग, मी तुझा शिष्य आहे, अशा अर्थाची विनवणी त्याने केली. श्रीकृष्णाने त्यावर अठरा अध्याय विवेचन केले. आणि एवढे सारे सांगून झाल्यावर शेवटी निर्णय अर्जुनावरच सोपविला. सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर, असा त्या समारोपाचा आशय आहे. गीतेचे नित्य पठण करणाऱ्यांपैकीही फार थोड्यांच्या ध्यानात हा शेवट राहतो. मार्गदर्शन म्हणजे आज्ञा, अशीच आपली समजूत होऊन बसली आहे.

हिंदू परंपरा अंतर्द्वंद्वात सापडलेल्या माणसाला खरोखर काय देते, या प्रश्नाचे उत्तर एखाद्या भाष्यग्रंथापेक्षा एखाद्या चरित्रात अधिक स्पष्ट सापडते. असे एक चरित्र श्रीअरविंदांचे आहे. पाँडिचेरीचे महायोगी म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्या पदाला पोचण्यापूर्वी काही वर्षे हा माणूस कर्म आणि अंतर्मुखता यांच्या ओढाताणीत सापडला होता, आणि त्या कोंडीतून बाहेर पडण्याची पहिली वाट त्याला एका मराठी माणसाने दाखविली, ही गोष्ट मात्र फारशी आठवली जात नाही.

इंग्रजी वळणाचा तरुण

अरविंद घोष यांचा जन्म 15 ऑगस्ट 1872 रोजी कलकत्त्यात झाला. वडील डॉ. कृष्णधन घोष यांचा इंग्रजी संस्कृतीवर इतका विश्वास की, मुलांना हिंदी आचारविचारांचा वाराही लागू नये अशी त्यांची खटपट असे. सातव्या वर्षी, 1879 मध्ये, अरविंदांची रवानगी इंग्लंडला झाली. मँचेस्टर, लंडन आणि केंब्रिज येथे चौदा वर्षे शिक्षण झाले. ग्रीक आणि लॅटिनमध्ये त्यांनी नाव मिळविले. मातृभाषा मात्र धड येत नव्हती. सनदी नोकरीची परीक्षा ते उत्तीर्ण झाले, पण घोडेस्वारीच्या चाचणीला वेळेवर हजर राहिले नाहीत आणि ती नोकरी हातची गेली. ती त्यांनी जाणूनबुजून जाऊ दिली होती. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. त्यांनी या तरुणाला आपल्या संस्थानात घेतले आणि 1893 च्या फेब्रुवारीत अरविंद बडोद्याला रुजू झाले.

पुढची तेरा वर्षे बडोद्यात गेली. प्रथम जमाबंदी व महसूल या खात्यांत, नंतर महाविद्यालयात फ्रेंच व इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. याच काळात ते संस्कृत शिकले, बंगाली शिकले आणि भोवतालच्या मंडळींमुळे मराठीही शिकले. केशवराव देशपांडे हे त्यांचे केंब्रिजपासूनचे स्नेही. देशपांड्यांच्याच आग्रहावरून 'इंदुप्रकाश' पत्रात 1893-94 साली अरविंदांनी काँग्रेसच्या अर्जविनंत्यांच्या राजकारणावर जळजळीत लेखमाला लिहिली. खासेराव आणि माधवराव जाधव या बंधूंच्या घरी त्यांचा घरच्यासारखा वावर असे.

याच देशपांड्यांनी त्यांना योगाभ्यासाकडे वळविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी तो मानला नाही. योग म्हणजे संसार आणि कर्म सोडून पळ काढणे, असा त्यांचा ग्रह होता आणि पळणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढे नर्मदाकाठी चांदोदजवळ गंगनाथ येथे ब्रह्मानंदांसारख्या सत्पुरुषाचे दर्शन घडले. धाकटे बंधू बारींद्र तापाने अंथरुणाला खिळले असता एका नागा साधूने पेल्यातील पाणी मंत्र म्हणत सुरीने कापले आणि ते पाजल्यावर ताप उतरला, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. 1904 च्या सुमारास त्यांनी प्राणायामाला आरंभ केला. हेतू मोक्षाचा नव्हता. या विद्येत सामर्थ्य असेल तर ते देशाच्या मुक्ततेसाठी मिळवावे, एवढाच व्यवहारी विचार त्यामागे होता.

1905 च्या ऑगस्टअखेर पत्नी मृणालिनीदेवींना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या तीन वेडांची कबुली दिली आहे. आपली मिळकत ही देवाची ठेव आहे, हे एक. ईश्वर असेल तर त्याच्या भेटीची वाट असलीच पाहिजे आणि ती कितीही बिकट असली तरी आपण चालणार, हे दुसरे. देश ही माती नसून माता आहे, हे तिसरे. यांपैकी दुसरे आणि तिसरे वेड एकमेकांशी कसे जुळवावयाचे, हा त्यांच्यापुढचा पेच होता. देशकार्य बाहेर ओढीत होते आणि साधना आत.

नाव वाढले, साधना थांबली

वंगभंगानंतर त्यांनी बडोदे सोडले आणि 1906 मध्ये कलकत्त्यात नव्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद अत्यल्प वेतनावर स्वीकारले. 'वंदे मातरम्' या इंग्रजी दैनिकातील त्यांच्या लेखांनी देश हलविला. 1907 मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, त्यात ते सुटले. आणि पडद्याआड राहू इच्छिणारा हा अबोल माणूस एकाएकी देशाचा पुढारी झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस दुभंगली. व्यासपीठावर भिरकावलेल्या मराठी जोड्याची कथा सर्वांनी ऐकली आहे. राष्ट्रीय पक्षाची जी स्वतंत्र परिषद तेथे भरली, तिचे अध्यक्षस्थान अरविंदबाबूंकडे होते.

बाहेर असे यश वाढत असताना आत मात्र सारे ठप्प झाले होते. राजकारणाच्या धबडग्यात प्राणायामाचा नेम मोडला, प्रकृतीही बिघडली. आपण आपल्या बळावर या वाटेने आणखी पुढे जाऊ शकत नाही, हे त्यांना कळून चुकले. ज्याच्या शब्दावर हजारो तरुण सर्वस्व द्यावयास निघाले होते, त्याला स्वतःला मात्र वाट विचारावीशी वाटत होती. ही गोष्ट त्यांनी लपविली नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. सुरतेहून ते बडोद्याला आले. बारींद्रांच्या ओळखीचे विष्णु भास्कर लेले नावाचे एक मराठी साधक ग्वाल्हेरीस होते. बारींद्रांनी तार करून त्यांना बोलावून घेतले.

वाड्यातील खोली

लेले हे काही मठाधिपती नव्हते किंवा नामांकित पंडितही नव्हते. विद्वत्तेत अरविंदबाबूंशी त्यांची तुलनाच होऊ शकत नव्हती, आणि दोघांनाही याची जाणीव होती. लेल्यांनी एकच अट घातली. काही दिवस तरी राजकारण बाजूला ठेवले पाहिजे. सुरतेनंतर देशभर खळबळ उडालेली, गावोगावची मंडळी नेत्याच्या भेटीसाठी ताटकळत बसलेली. अशा वेळी ही अट मान्य करणे सोपे नव्हते. अरविंदबाबूंनी ती मान्य केली आणि सरदार मुजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरील एका खोलीत दोघे तीन दिवस बसले.

उपदेश फार साधा होता. विचार करू नका, मनाकडे नुसते पाहा. विचार आपल्यात उत्पन्न होत नाहीत, ते बाहेरून येतात. ते आत शिरण्यापूर्वीच त्यांना परतवून लावा. विचार बाहेरून येतात ही कल्पना अरविंदबाबूंनी पूर्वी कधी ऐकलेली नव्हती. केंब्रिजमध्ये तयार झालेल्या बुद्धीने तिची चिकित्सा करीत बसायला हवे होते. परंतु त्यांनी चिकित्सा न करता सांगितले तसे करून पाहिले. तीन दिवसांत मन संपूर्ण निःशब्द झाले आणि ते निःशब्दत्व पुढे ओसरले नाही.

यातही एक विलक्षण भाग असा की, जे घडले ते गुरूला अपेक्षित नव्हते आणि शिष्यालाही नको होते. लेले भक्तिमार्गी होते; सगुण ईश्वराचा साक्षात्कार व्हावा ही त्यांची इच्छा. अरविंदबाबूंना कर्मासाठी सामर्थ्य हवे होते. अनुभव आला तो मात्र निर्गुण, निश्चल ब्रह्माचा, ज्यात सारे जग पडद्यावरील चित्रांसारखे पोकळ भासू लागले. मुंबईत एका स्नेह्याच्या घराच्या गच्चीवरून खालची वर्दळ पाहताना ती चित्रवत् दिसत होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

आता व्यवहारातली अडचण उभी राहिली. 19 जानेवारी 1908 रोजी मुंबईत त्यांचे जाहीर व्याख्यान ठरलेले. मनात एकही विचार नाही, मग बोलावयाचे काय? त्यांनी लेल्यांना विचारले. लेल्यांनी सांगितले की सभेला नमस्कार करावा आणि स्वस्थ थांबावे; शब्द येतील. त्याप्रमाणे त्यांनी केले आणि शब्द आले. मुंबईचे ते भाषण त्यांच्या उत्कृष्ट भाषणांत गणले जाते. नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर असा पुढचा दौराही त्याच अवस्थेत पार पडला. ज्याला आपण कर्माचा शत्रू समजत होतो, ते मौन कर्माच्या आड येत नाही, हा धडा त्यांना याच दौऱ्याने दिला.

गुरूचा निरोप

मुंबईहून निघताना पुढील साधनेसाठी काय करावे, असे त्यांनी लेल्यांना विचारले. लेले एक मंत्र सांगू लागले आणि मध्येच थांबले. तुमच्या अंतरात जो मार्गदर्शक आहे, ज्याने हा मंत्र दिला, त्याच्यावर तुम्ही संपूर्ण विसंबून राहू शकाल काय, असे त्यांनी विचारले. अरविंदबाबूंनी होकार दिला. तर मग माझ्या सूचनांची तुम्हाला गरज नाही, असे सांगून लेल्यांनी त्यांना निरोप दिला.

गुरुशिष्यांच्या कथांत चमत्कारांना तोटा नाही. आपल्या शिष्याला आपली गरज उरलेली नाही, हे ओळखणारा आणि ते त्याला सांगून टाकणारा गुरू मात्र विरळा. देशातला एवढा मोठा नेता शिष्य म्हणून लाभलेला असताना लेल्यांनी त्याला आपल्याशी बांधून ठेवले नाही.

अर्थात या संबंधाला गोड शेवट लाभला, असे नाही. काही आठवड्यांनी लेले कलकत्त्यास गेले. बारींद्रांच्या माणिकतला येथील बागेत तरुणांचा बाँबचा उद्योग चालू होता. त्या मार्गाचा शेवट अनर्थात होईल, असे त्यांनी बजावले. कोणी ऐकले नाही. अरविंदबाबू ठराविक वेळी ध्यानाला बसत नाहीत, हे पाहून त्यांनी त्यांनाही खडसावले आणि तुम्हाला आसुरी शक्तीने घेरले आहे असे सांगितले. अरविंदबाबूंनी वाद घातला नाही. आतल्या मार्गदर्शकावर विसंबावे हे लेल्यांनीच शिकविले होते. तेच आता त्यांना लेल्यांच्या विरोधात पाळावे लागले. दोघांच्या वाटा तेथे वेगळ्या झाल्या.

नऊ फुटांची कोठडी

30 एप्रिल 1908 रोजी मुझफ्फरपूरला बाँब पडला. ज्या न्यायाधीशासाठी तो होता तो वाचला. केनेडी कुटुंबातील दोन निरपराध स्त्रिया मारल्या गेल्या. दोन दिवसांत, पहाटेच्या अंधारात, पोलिसांनी अरविंदबाबूंना अंथरुणातून उठवून अटक केली. झडतीत एका पुठ्ठ्याच्या डबीत दक्षिणेश्वरची माती सापडली. ती स्फोटक द्रव्य असावी या संशयाने गोऱ्या अधिकाऱ्याने ती बराच वेळ न्याहाळली.

5 मेपासून अलीपूरच्या तुरुंगात एकांतवास सुरू झाला. कोठडी नऊ फूट लांब आणि पाचसहा फूट रुंद होती. पाणी पिण्यास, आंघोळीस आणि शौचासही एकच वाडगा. कोणतेही काम सांगा, निमूट करणारा हा वाडगा म्हणजे सनदी अधिकाऱ्याचाच नमुना, असा विनोद त्यांनी आपल्या बंगाली कारावासकथेत केला आहे. परंतु पहिले दिवस विनोदाचे नव्हते. घरून गीता आणि उपनिषदे मागविली होती. ती हाती येईपर्यंतच्या दिवसांत मोकळ्या मनाने काय भीषण रूप धारण केले, हे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. ध्यान लागेना. माणूस एकांतवासात वेडा का होतो, हे त्यांना उमगले. भिंतीशी काळ्या आणि तांबड्या मुंग्यांची लढाई चाले, तीत दुबळ्या काळ्या मुंग्यांना वाचविण्यात ते वेळ घालवीत. ज्याचे मन बडोद्याच्या वाड्यात तीन दिवसांत शांत झाले होते, त्याची ही अवस्था. एकदा अनुभव आला म्हणजे सर्व संपले, असे समजणाऱ्यांनी हे पान अवश्य वाचावे.

श्रद्धाही डळमळली. देशाचे काम ईश्वरानेच दिले असेल, तर ते अर्धे टाकून मी येथे का? तीन दिवस हा प्रश्न त्यांना छळीत होता. मग त्यांना आठवले की, अटकेच्या महिनाभर आधी सारे काम बाजूला ठेवून एकांतात जाण्याची स्पष्ट आतली सूचना आपल्याला मिळाली होती आणि ती आपण मानली नव्हती. कामावर प्रेम होते, हे एक कारण. आपण नसलो तर काम बुडेल ही खात्री, हे दुसरे. सुटकेनंतर उत्तरपाऱ्याच्या सभेत, 30 मे 1909 रोजी, त्यांनी हे स्वतः हजारो श्रोत्यांपुढे सांगितले. आपल्यावाचून अडेल, ही भावना कर्तव्याच्या वेषात वावरत असते. तिला ओळखणे कर्तबगार माणसांना सर्वांत कठीण जाते.

मग गीता हाती आली. ती त्यांनी पूर्वीही वाचली होती, पण आता ती जगावी लागत होती. यशापयशाची आसक्ती टाकून, रागद्वेष टाकून, आपली इच्छा ईश्वराच्या हाती देऊन कर्म करणे म्हणजे काय, हे तेथे कळू लागले. तुरुंगाच्या भिंती, कोठडीसमोरचे झाड, पहारेकरी, चोर आणि दरोडेखोर यांच्यात त्यांना वासुदेवाचे दर्शन घडले. न्यायालयात न्यायाधीश आणि सरकारी वकील यांच्याकडे पाहतानाही तोच दिसला. तो न्यायाधीश बीचक्रॉफ्ट हा सनदी परीक्षेतील त्यांचा समकालीन. ग्रीकमध्ये तो त्यांच्या मागे पडलेला. चित्तरंजन दासांनी आपला व्यवसाय महिनोन्‌महिने बाजूला ठेवून बचाव केला. 6 मे 1909 रोजी अरविंदबाबू निर्दोष सुटले. बारींद्र आणि उल्हासकर यांना फाशीची शिक्षा झाली. ती पुढे जन्मठेप काळ्या पाण्यावर आली.

एक गीता, दोन वाटा

याच मुझफ्फरपूरच्या बाँबवर 'केसरी'त लिहिलेल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना 22 जुलै 1908 रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे एकाच घटनेने राष्ट्रीय पक्षाचे दोन नेते तुरुंगात गेले आणि दोघांनीही तेथे गीतेला प्रश्न विचारले. मंडालेत 'गीतारहस्य' लिहिले गेले आणि 1915 मध्ये ते प्रसिद्ध झाले. टिळकांनी गीतेतून कर्मयोगाचा सिद्धान्त मांडला. सुटून आल्यावर ते पुन्हा राजकारणात उभे राहिले आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले. अरविंदबाबू मात्र 1910 च्या फेब्रुवारीत आतल्या आदेशानुसार चंद्रनगरला आणि 4 एप्रिलला पाँडिचेरीस पोचले, ते परत आले नाहीत. तेथे 1916 पासून 'आर्य' मासिकात त्यांनी गीतेवर निबंध लिहिले आणि तिचा शेवट केवळ कर्तव्यपालनात नसून संपूर्ण समर्पणात आहे, असे प्रतिपादले. 1920 च्या नागपूर काँग्रेसचे अध्यक्षपद स्वीकारावे म्हणून डॉ. मुंजे यांनी त्यांना गळ घातली. त्यांनी नकार दिला.

हे पलायन नव्हते काय, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि तो टाळता येण्याजोगा नाही. सहकारी अंदमानात कोलू ओढीत होते. मृणालिनीदेवी पतीची वाट पाहत राहिल्या आणि 1918 च्या डिसेंबरात इन्फ्लुएन्झाच्या साथीत, पाँडिचेरीस जाण्याचा योग येण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. एका माणसाच्या आतल्या आदेशाची किंमत दुसऱ्यांनीही मोजली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. सोय, सुरक्षितता आणि कीर्ती यांकडे नेणारा आवाज हा आपल्या इच्छेचाच प्रतिध्वनी असण्याचा संभव अधिक असतो. अरविंदबाबूंना आदेश आला तो त्यांच्या सर्वांत प्रिय गोष्टीचा त्याग करण्याचा, कीर्तीच्या शिखरावरून उतरण्याचा. पहिल्या वेळी त्यांनी तो टाळला होता. दुसऱ्या वेळी मानला आणि उरलेले चाळीस वर्षांचे आयुष्य, 5 डिसेंबर 1950 पर्यंत, त्यासाठी खर्च केले. टिळकांनी तीच गीता वाचून नेमके उलटे केले. दोघांपैकी कोण बरोबर, हा वाद व्यर्थ आहे. दोघांनाही गीतेने तयार उत्तर दिले नाही. आपापले उत्तर ऐकू येईल आणि पाळता येईल इतके मन तिने स्थिर केले.

तुमच्याआमच्यासारख्यांचे पेच याहून लहान असतात. पण ज्याचे त्याला ते लहान वाटत नाहीत. बढती घेऊन परगावी जावे की आजारी आईजवळ राहावे, वरिष्ठाच्या गैरकारभारावर बोलावे की मुलांच्या शिक्षणासाठी गप्प बसावे, घरच्यांनी ठरविलेला अभ्यासक्रम पुरा करावा की मन म्हणते ते शिकावे, या प्रश्नांनीही झोप उडते. अशा वेळी बुवाबाबांच्या दारी रांगा लागतात आणि तेथे मिळते ती बहुधा आज्ञा असते, नाहीतर आश्वासन. परंपरेचे खरे देणे त्याहून वेगळे आहे. प्रथम गलबला थांबवावा. माझ्यावाचून अडेल असे म्हणणारा आवाज तपासून पाहावा. सोयीचे उत्तर फार लवकर मिळाले तर त्याचा संशय धरावा. आणि जो वाट दाखवून बाजूला होईल, तोच मार्गदर्शक खरा मानावा.

लेल्यांशी मतभेद होऊनही श्रीअरविंदांनी त्यांचे ऋण कधी नाकारले नाही. पुढे जगभरातून शिष्य पाँडिचेरीस येऊ लागले, तेव्हाही बडोद्यातील त्या तीन दिवसांविषयी ते कृतज्ञतेनेच लिहीत राहिले. बुद्धीने, विद्येने आणि कर्तृत्वाने आपल्याहून लहान असलेल्या माणसापुढे एका जगप्रसिद्ध नेत्याने तीन दिवस निमूट बसून घेतले होते. त्या खोलीत लेल्यांनी त्यांना कोणताही निर्णय दिला नाही, आणि म्हणूनच पुढचे सर्व निर्णय अरविंदबाबूंना स्वतः घेता आले.